एन्रिको फर्मी आणि आकाशातील झोत

वाचकहो, एन्रिको फर्मी हे नाव तुम्ही ऐकले असेल ते बहुधा अणुभट्टीच्या संदर्भात. १९४२ च्या डिसेंबरात शिकागो शहरी माणसाने पहिली अणुभट्टी चालू केली, ती यांच्या देखरेखीखाली. कोणत्याही चरित्रकाराला तो प्रसंग ओलांडून पुढे जाववत नाही. पण त्यानंतर सहा-साडेसहा वर्षांनी, १९४९ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात फर्मींचा एक सहा पानांचा लेख छापून आला. आकाशातून पृथ्वीवर अहोरात्र बरसणाऱ्या विश्वकिरणांना एवढी प्रचंड ऊर्जा कोठून मिळते, हा त्याचा विषय होता. त्या लेखातले उत्तर जसेच्या तसे टिकले नाही. तरीही, कृष्णविवरांच्या आसपासून निघून हजारो प्रकाशवर्षे लांब जाणारे झोत का चमकतात हे आज सांगायचे, तर शास्त्रज्ञांना त्या सहा पानांपासूनच सुरुवात करावी लागते. अपुरे ठरलेले उत्तर इतके कामी कसे आले आणि ते देणारा माणूस कसा होता, हे तुम्हाला सांगावे असा विचार आहे. गणिताचे वावडे असलेल्यांनी भिऊ नये. लेखात एकही समीकरण नाही.

फर्मींचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी रोममध्ये झाला. वडील अल्बर्तो रेल्वेखात्यात नोकरीला, आई इदा शाळेत शिक्षिका. मारिया, जुलिओ आणि एन्रिको अशी तीन भावंडे. जुलिओ आणि एन्रिको यांच्यात वर्षाचेच अंतर. दोघांचा खेळ एक, बोलणे एक. दोघे मिळून विजेच्या छोट्या मोटारी तयार करीत. १९१५ साली जुलिओच्या घशात गळू झाले. शस्त्रक्रिया किरकोळ होती, पण भूल दिली असतानाच मुलगा गेला. आई त्या दुःखातून कधी पुरती सावरली नाही. तेरा-चौदा वर्षांचा एन्रिको एकटा पडला आणि पुस्तकांकडे वळला.

रोममध्ये कांपो दे फियोरी नावाचा बाजार भरत असे. तेथे जुनी पुस्तकेही विकायला येत. एन्रिकोला तेथे पदार्थविज्ञानाचा एक ग्रंथ मिळाला. आंद्रेआ काराफ्फा नावाच्या एका जेझुइट पाद्र्याने १८४० साली लिहिलेला, सुमारे नऊशे पानांचा आणि संपूर्ण लॅटिन भाषेत. मुलाने तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, कडेला टिपणे केली, गणिते तपासली. वडिलांचे एक सहकारी, इंजिनिअर अदोल्फो अमिदेई, यांच्या लक्षात या मुलाची भूक आली. त्यांनी त्याला भूमिती, बीजगणित, कलनशास्त्र अशी पुस्तके क्रमाने एकेक करून वाचायला दिली आणि पुढे कोठे शिकावे हेही सुचवले. अमिदेई यांचे नाव शास्त्राच्या इतिहासात दुसऱ्या कशासाठी घेतले जात नाही. पण एका रेल्वे इंजिनिअरने आपल्या कपाटातली पुस्तके एका मुलासाठी मोकळी केली, एवढ्यावरच हे सारे पुढचे उभे आहे.

१९१८ मध्ये पिसा येथील नामांकित ‘स्कुओला नोर्माले’च्या प्रवेशपरीक्षेत ध्वनीवर निबंध लिहायचा होता. सतरा वर्षांच्या फर्मीने कंप पावणाऱ्या दांडीचे गणित असे सोडवले की परीक्षकच चकित झाले. १९२२ मध्ये तेथून डॉक्टरेट, मग गटिंगेन आणि लायडेन येथे काही काळ अभ्यास, फ्लॉरेन्स येथे अध्यापन. १९२६ मध्ये, पंचविशीत, रोम विद्यापीठात ते सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. इलेक्ट्रॉनसारखे कण ज्या सांख्यिकी नियमाने वागतात तो नियम त्यांनी त्याच वर्षी मांडला. अशा सर्व कणांना आज ‘फर्मिऑन’ म्हणतात.

रोममध्ये त्यांच्याभोवती तरुणांचा एक मेळा जमला. सेग्रे, अमाल्दी, रासेत्ती, माजोराना, पोन्तेकोर्व्हो ही नावे पुढे गाजली. ही मंडळी फर्मींना गमतीने ‘पोप’ म्हणत, कारण पोपप्रमाणे त्यांचेही कधी चुकत नाही! आपले होमी भाभा केंब्रिजहून शिष्यवृत्तीवर युरोपात फिरत असताना काही काळ या रोमच्या संस्थेत राहून गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

१९३३ च्या अखेरीस फर्मींनी किरणोत्सर्गातील बीटा-क्षयाचा सिद्धांत लिहिला. त्यात न्यूट्रिनो नावाच्या जवळजवळ अदृश्य कणाला त्यांनी हक्काची जागा दिली. लंडनच्या ‘नेचर’ने तो लेख नाकारला. फर्मींनी तो इटालियन आणि जर्मन नियतकालिकांत छापला आणि प्रयोगांकडे मोर्चा वळवला. १९३४ मध्ये एकामागून एक मूलद्रव्यावर न्यूट्रॉनचा मारा करून त्यांनी नवे किरणोत्सर्गी पदार्थ मिळवले. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला मध्ये पॅराफिन मेणाचा ठोकळा ठेवून पाहिल्यावर न्यूट्रॉन मंदावतात आणि मंद न्यूट्रॉन अधिक परिणामकारक ठरतात, हे त्यांच्या ध्यानात आले. या शोधाने पुढे जगाचे राजकारण बदलले. हा न्यूट्रिनो मात्र ध्यानात ठेवा. लेखाच्या शेवटी तो पुन्हा भेटणार आहे.

आता जरा कटू भाग. मुसोलिनीची हुकूमशाही इटलीवर १९२२ पासून होती. फर्मी तिच्याविरुद्ध कधी उभे राहिले नाहीत. मुसोलिनीने काढलेल्या रॉयल अकादमीचे सदस्यत्वही त्यांनी १९२९ मध्ये स्वीकारले. आपले काम भले आणि आपण भले, अशी त्यांची वृत्ती होती. आग स्वतःच्या घराशी आली तेव्हा ती कळली. पत्नी लॉरा ज्यू घराण्यातली. १९३८ मध्ये इटलीत वंशभेदाचे कायदे आले आणि ज्यू प्राध्यापकांच्या, विद्यार्थ्यांच्या तोंडावर विद्यापीठांची दारे बंद झाली. त्याच वर्षी फर्मींना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. डिसेंबरात ते बायकोमुलांसह स्टॉकहोमला गेले, पारितोषिक घेतले आणि परत न येता थेट अमेरिकेच्या जहाजात बसले. २ जानेवारी १९३९ रोजी ते न्यूयॉर्कला उतरले. आपल्याकडे अशा जाण्याला हिजरत हा शब्द आहे. लॉरा यांचे वडील नौदलात अॅडमिरल होते. त्यांना वाटले, आपल्या केसाला कोणी धक्का लावणार नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मनांनी त्यांना रोममध्ये पकडून ऑशविट्झला पाठवले. ते परतले नाहीत.

अणुभट्टी आणि अणुबाँब यांविषयी मी लांबण लावत नाही; त्यावर ग्रंथ आहेत. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या मैदानातील प्रेक्षकसज्ज्याखाली युरेनियम आणि ग्रॅफाइट यांचा ढीग रचून साखळी-प्रक्रिया सुरू झाली. १६ जुलै १९४५ रोजी वाळवंटात पहिला बाँब फुटला तेव्हा फर्मींनी हातातले कागदाचे कपटे सोडले आणि ते किती दूर उडाले यावरून स्फोटाच्या शक्तीचा अंदाज बांधला. १९४९ मध्ये सरकारी सल्लागार समितीवर असताना त्यांनी आणि राबी यांनी हायड्रोजन बाँबला नैतिक कारणावरून विरोध नोंदवला. सरकारने तो मानला नाही, आणि पुढे फर्मींनी त्या बाँबच्या गणितात मदतही केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चरित्र लिहिताना एकच सांगणे बरे नव्हे.

युद्ध संपल्यावर फर्मी शिकागो विद्यापीठात परत आले, आणि येथून आपला मुख्य विषय सुरू होतो.

विश्वकिरण म्हणजे प्रकाशाचे किरण नव्हेत, ते बहुतांशी प्रोटॉन आणि इतर अणूंची केंद्रे आहेत. १९१२ साली व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने बलूनमधून पाच हजार मीटरांहून वर जाऊन दाखवले की उंची वाढते तसा एक अज्ञात किरणोत्सर्ग वाढतो, म्हणजे तो वरून येतो. त्यातील काही कणांची ऊर्जा कल्पनेपलीकडची आहे. १९९१ साली अमेरिकेतील यूटा येथे नोंदला गेलेला एक कण घ्या. फिरकी गोलंदाजाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत जेवढी ऊर्जा असते, साधारण तेवढी त्या एका कणात होती. चेंडूत किती अणू असतात याचा विचार करा, मग त्याचा अर्थ कळेल.

ही ऊर्जा येते कोठून? शिकागोत फर्मींचे सहकारी एडवर्ड टेलर यांचे म्हणणे होते की विश्वकिरण सूर्याच्या आसपासच निर्माण होतात. स्वीडनचे हान्नेस आल्फव्हेन १९४८ मध्ये शिकागोला आले, तेही याच मताचे. पण त्यांनी एक वेगळी गोष्ट सांगितली: ताऱ्यांमधल्या पोकळीत विरळ वायू आहे आणि त्याच्याबरोबर चुंबकीय क्षेत्रही वाहत जाते. आल्फव्हेन यांच्या या माहितीवरूनच फर्मींनी आल्फव्हेन यांच्या मताविरुद्धचा सिद्धांत उभा केला. विद्वानांच्या भांडणाचा असा नफा क्वचितच पाहायला मिळतो.

फर्मींची कल्पना अशी. स्थिर चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणाची दिशा बदलते, वेग वाढवीत नाही. बॅट नुसती धरून ठेवली तर चेंडू आला त्याच वेगाने परततो, तसे. पण बॅट चेंडूच्या दिशेने पुढे येत असेल तर? चेंडू अधिक वेगाने परततो. बॅट मागे जात असेल तर वेग घटतो. आकाशगंगेत वायूचे चुंबकीय ढग इकडेतिकडे फिरत असतात. कण त्यांच्यावर आपटतो. समोरून येणाऱ्या ढगावर आपटला तर ऊर्जा मिळते, पळत्या ढगाला पाठीमागून गाठले तर ऊर्जा जाते.

तुम्ही म्हणाल, मग जमाखर्च सारखाच झाला. येथेच मेख आहे. मुंबई-पुणे रस्त्यावर मोटारीतून जाताना मोजून पाहा. समोरून येऊन तुम्हाला ओलांडणाऱ्या गाड्या जास्त भेटतात. तुमच्याच दिशेने जाणाऱ्या आणि तुम्ही मागे टाकलेल्या त्या मानाने कमी. कणाचेही तसेच. समोरच्या धडका थोड्या अधिक होतात आणि शेवटी शिल्लक जमेच्या बाजूला राहते. फर्मींनी ढगांचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर धरला. त्या हिशेबाने एका धडकेत कणाला सरासरीने मिळणारी वाढ फक्त दहा कोटींत एक भाग, आणि धडक होणार वर्षा-सव्वावर्षातून एकदा! पण आकाशगंगेत घाई कोणाला आहे? कण सरासरी सहा कोटी वर्षे भटकतो असे त्यांनी मांडले. चक्रवाढ व्याजाचे गणित ज्याला येते त्याला पुढचे सांगायला नको.

या कल्पनेतली खरी किमया मात्र पुढेच आहे. निरीक्षणात असे दिसते की ऊर्जा वाढत जाते तशी विश्वकिरणांची संख्या एका ठराविक प्रमाणात घटत जाते. अनेक पटींच्या पल्ल्यात हा नियम जवळपास मोडत नाही. का? आपल्या शिक्षणसंस्थेचेच उदाहरण घेऊ. पहिलीच्या वर्गात शंभर मुले येतात. दर वर्षी काही गळतात. कोणाला घरकाम, कोणाला मजुरी, कोणाचे लग्न. जी उरतात ती एक पायरी वर चढतात. मॅट्रिकला थोडी, पदवीला मोजकी. जे वर पोहोचले ते जात्याच निराळे होते असे नाही. ते अधिक काळ आत राहिले, एवढेच. फर्मींच्या कणांचेही असेच आहे. प्रत्येक फेरीत ऊर्जा ठराविक पटीने वाढते आणि प्रत्येक फेरीत ठराविक हिस्सा बाहेर पडतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की निरीक्षणात दिसतो तो नियम आपोआप निघतो. निसर्गाला त्यासाठी निराळे यंत्र बांधावे लागत नाही.

लेखाचे दोष फर्मींनी लेखातच सांगून टाकले. कणाला या शर्यतीत उतरण्यापूर्वीच काही किमान ऊर्जा हवी, नाहीतर वाटेतल्या वायूत ती जिरून जाते. ती सुरुवातीची ऊर्जा कोण देतो? १९४८ मध्येच विश्वकिरणांत जड अणुकेंद्रे सापडली होती. त्यांना तर आणखी मोठी सुरुवात हवी, आणि त्यांचा खुलासा या सिद्धांताने नीट होत नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. शिवाय दहा कोटींत एक हा वेग फारच मंद होता. ज्याचे कधी चुकत नाही म्हणून सोबती पोप म्हणत, त्याने स्वतःची अपुरी बाजू स्वतःच जगापुढे मांडली. पुढच्यांना काम कोठे सुरू करायचे ते त्यामुळे कळले.

१९५२-५३ च्या सुमारास फर्मी आणि लाहोरमध्ये जन्मलेले आपले सुब्रह्मण्यम चंद्रशेखर आठवड्यातून एकदा ठरवून भेटत आणि आकाशातील चुंबकीय क्षेत्रावर चर्चा करीत. त्यातून दोघांचे दोन लेख १९५३ मध्ये छापले गेले. १९५४ च्या आरंभी फर्मींनी विश्वकिरणांवर पुन्हा लिहिले. आता त्यांनी एक सापळा कल्पिला: दोन चुंबकीय भिंती एकमेकींकडे सरकत आहेत आणि कण मध्ये अडकला आहे. अशा वेळी प्रत्येक धडक समोरचीच. तोट्याचा व्यवहार उरतच नाही. खऱ्या उत्तराच्या ते किती जवळ आले होते ते थोड्या वेळाने कळेल.

त्याच जानेवारीत एका भाषणात त्यांनी पृथ्वीला वेढा घालणाऱ्या प्रवेगक यंत्राचे चित्र श्रोत्यांपुढे ठेवले. खर्च १७० अब्ज डॉलर, पूर्ण होण्याचे साल १९९४. हा अर्थातच विनोद होता. पण त्यातला मुद्दा गंभीर होता: माणसाने पृथ्वीएवढे यंत्र बांधले तरी आकाशाची बरोबरी होत नाही.

त्या वर्षाच्या शरद ऋतूत पोटाचा कर्करोग उघडकीस आला. शस्त्रक्रियेने काही साधले नाही. सेग्रे भेटायला गेले तेव्हा नळीतून पोटात सोडल्या जाणाऱ्या अन्नाचे थेंब फर्मी हातातल्या घड्याळावर मोजत होते आणि प्रवाहाचा वेग काढत होते. २८ नोव्हेंबर १९५४ रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी, शिकागोत त्यांचे निधन झाले.

माणूस गेला, कल्पना कशी राहिली ते आता पाहू. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत हीबर कर्टिस यांना १९१८ मध्ये कन्या राशीतील ‘एम ८७’ या दीर्घिकेच्या छायाचित्रात मध्यापासून निघालेली एक सरळ रेघ दिसली होती. ती कशाची, हे कोणाला सांगता येईना. उत्तर आले ते एका कारखानदार कंपनीच्या प्रयोगशाळेतून. १९४७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सिंक्रोट्रॉन यंत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून प्रकाश बाहेर पडताना प्रथम डोळ्यांनी दिसला. ओली छत्री गरगर फिरवली की कडेने पाण्याचे थेंब उडतात. चुंबकीय रेषांभोवती प्रकाशाच्या जवळपास वेगाने गिरक्या घेणारा इलेक्ट्रॉन तसाच प्रारणे फेकतो, तीही सर्व बाजूंना नव्हे, तो ज्या दिशेने धावतो त्या दिशेने, बॅटरीच्या झोतासारखी. या प्रारणाची खूण म्हणजे त्याचे ध्रुवीकरण. १९५३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ श्क्लोव्हस्की यांनी खेकडा तेजोमेघाच्या प्रकाशाचा असा उलगडा सुचवला. १९५६ मध्ये बाडे यांनी ‘एम ८७’ च्या रेघेतला प्रकाशही ध्रुवित असल्याचे दाखवले. म्हणजे ती रेघ वेगवान इलेक्ट्रॉनांनी भरलेला झोत होती. फर्मी ते पाहायला दोन वर्षे कमी पडले.

आज आपल्याला माहीत आहे की त्या दीर्घिकेच्या मध्याशी सुमारे ६५० कोटी सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे. एप्रिल २०१९ मध्ये त्याच्या सावलीचे चित्र प्रसिद्ध झाले. तुम्हीही वर्तमानपत्रात पाहिले असेल. त्यात पडणाऱ्या वायूपैकी काही भाग चुंबकीय क्षेत्रांच्या पिळाने बाहेर फेकला जातो आणि सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे लांबीचा झोत बनतो. पण येथे एक अडचण उभी राहते. झोतात क्ष-किरण देणारे इलेक्ट्रॉन इतके उधळे असतात की त्यांची ऊर्जा थोड्याच वर्षांत संपते. पाच हजार प्रकाशवर्षांचा प्रवास, आणि शिदोरी काही वर्षांची! तरीही झोतात दूरदूरच्या गाठींतून क्ष-किरण येतातच. १९९९ मध्ये सोडलेल्या ‘चंद्र’ या अवकाशवेधशाळेने ते तपशीलवार टिपले. तिला नाव दिले आहे त्याच चंद्रशेखरांचे. तेव्हा अर्थ एकच: इलेक्ट्रॉनांना मूळ ठिकाणी एकदाच ढकलून भागत नाही, वाटेत जागोजागी पुन्हा पुन्हा ढकलावे लागते.

हे ढकलणे कसे होते? १९७७-७८ मध्ये याकुत्स्कचे क्रिम्स्की, केंब्रिजचे बेल, तसेच अॅक्सफर्ड व त्यांचे दोन सहकारी आणि ब्लँडफर्ड व ऑस्ट्रायकर अशा चार ठिकाणांहून जवळजवळ एकच उत्तर आले. वेगाने जाणारा वायू संथ वायूवर आदळला की आघात-लाट उभी राहते. लाटेच्या अलीकडे उभे राहून पाहिले तर पलीकडचा वायू आपल्याकडे येताना दिसतो. पलीकडून पाहिले तर अलीकडचा येताना दिसतो. कण लाट ओलांडून इकडून तिकडे जातो, चुंबकीय गुंत्यात वळतो, परततो, आणि दर फेरीला समोरून येणारी भिंतच त्याला भेटते. फर्मींच्या सापळ्याच्या त्या दोन भिंती! लाटेचा वेग सेकंदाला तीन हजार किलोमीटर धरला तर एका फेरीत शेकडा एक एवढी वाढ. कोठे दहा कोटींत एक आणि कोठे शंभरात एक. शर्यतीतून गळणाऱ्या कणांचा हिशेब मात्र १९४९ चाच राहिला, आणि त्यातून निघणारा नियमही.

याचा एक पुरावा ज्या जागी सापडला तिचा आपल्या इतिहासाशी संबंध आहे. इ. स. १००६ मध्ये आकाशात एक नवा तारा इतका तेजाने झळकला की अनेक देशांत त्याच्या नोंदी झाल्या. त्यांतली एक चांगली नोंद इजिप्तचे हकीम अली इब्न रिद्वान यांची. तरुणपणी पाहिलेला तो तारा त्यांनी पुढे टॉलेमीच्या ग्रंथावरील भाष्यात वर्णन केला. तो स्फोट झालेला तारा होता. त्याच्या आजही पसरत असलेल्या कवचाच्या कडेवर १९९५ मध्ये जपानच्या ‘आस्का’ उपग्रहाने सिंक्रोट्रॉन जातीचे क्ष-किरण ओळखले. आघात-लाटेवर इलेक्ट्रॉन वेग घेतात, याची ती मोठी साक्ष ठरली.

झोतांतून याहून तीव्र गॅमा किरणही येतात. त्यांतले पुष्कळसे असे बनतात: वेगवान इलेक्ट्रॉन साध्या प्रकाशकणाला टोला मारतो आणि तो प्रकाशकण गॅमा किरण होऊन जातो. कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये शोधलेल्या परिणामाचीच ही उलटी बाजू. हे कॉम्प्टन म्हणजे शिकागोत अणुभट्टीच्या प्रकल्पाचे प्रमुख. त्यांच्याकडे डॉक्टरेट केलेले प्रा. पियारा सिंग गिल पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले आणि गुलमर्गच्या उंचीवर त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन सुरू केले. फर्मींच्या शिकागोपासून अलीगढ दिसते तितके दूर नाही. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. सहलीला गेलात तर जरूर पाहा. दूरच्या झोतांतील इलेक्ट्रॉनांनी गिरक्या घेताना सोडलेल्या रेडिओलहरी ती टिपते.

सारे कोडे सुटले असे समजू नका. झोताच्या मुळाशी चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ असते की आघात-लाटांचे तेथे फारसे चालत नाही. चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना कणांना वेग मिळत असावा, असे तेथे मानतात. २०२२ मध्ये ‘मार्केरियन ५०१’ या दीर्घिकेच्या झोतातील क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजले गेले. ते दृश्य प्रकाशाच्या सुमारे दुप्पट निघाले, आणि त्या झोतापुरता कौल आघात-लाटेच्या बाजूने पडला. झोतांत इलेक्ट्रॉनांबरोबर प्रोटॉनही असेच वेग घेतात का, हा वाद आणखी जुना. प्रोटॉनांची खूण म्हणजे न्यूट्रिनो.

११ जून २००८ रोजी अमेरिकेने गॅमा किरणांची एक दुर्बीण अवकाशात सोडली आणि त्याच ऑगस्टमध्ये तिला फर्मींचे नाव दिले. ती दर तीन तासांत सगळे आकाश न्याहाळते आणि तिने हजारो झोत नोंदले आहेत. २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावर बर्फात पुरलेल्या ‘आइसक्यूब’ यंत्रणेला एक अतिशय बलवान न्यूट्रिनो सापडला. तो कोणत्या दिशेने आला ते काढून जगभर कळवण्यात आले. फर्मी दुर्बिणीने पाहिले तर त्याच दिशेला, मृग नक्षत्रात, सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आपल्याकडे पाठवणारी एक दीर्घिका होती. तिचा झोत नेमका आपल्या रोखाने आहे, आणि त्या दिवसांत तो नेहमीपेक्षा किती तरी अधिक तेजाने भडकलेला होता.